आधी मामांना बेळगावला जाण्यापासून थांबवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही गोव्यातल्या वाळपईजवळच्या. मावसभाऊ बावीस वर्षांचा, कॅनडात ओंटारिओ प्रांतात कॉलेजात शिकतो. खोलीत सोबत राहणाऱ्या मुलाशी हाणामारी झाली, शुक्रवारी रात्री पोलिसांनी याला उचललं, अजून सुटका नाही. तो दुसरा मुलगा बेळगावचा, म्हणून तुमचे मामा उद्या सकाळी बेळगावला जाऊन त्याच्या वडिलांचे पाय धरणार आहेत. वाड्यावर दोन लाख रुपये जमलेत, देवस्थान समिती आणखी द्यायला तयार आहे. आमदारांचं पत्र घ्यायचं, पेपरात बातमी द्यायची, असंही ठरतंय. ज्या एजंटने मुलाला पाठवलं तो म्हणतो, गुन्हा कबूल करून दंड भरला की विषय संपला. आणि तुम्ही विचारता, आणखी काय करू?

ताई, आणखी काही करण्याआधी यातल्या तीन-चार गोष्टी आजच थांबवायला हव्यात. गाव मनापासून धावून आलंय, यात मला शंका नाही. पण आपल्याला मदतीची जी रीत ठाऊक आहे, ती इथल्या पोलीस ठाण्याच्या आणि इथल्या कोर्टाच्या सवयीतून आलेली आहे. तिथे तीच रीत मुलाच्या अंगाशी येऊ शकते.

मी फोंड्याला फौजदारी वकिली करतो, सव्वीस वर्षं झाली. गेली दहा-बारा वर्षं मुलं बाहेर शिकायला गेलेली घरं माझ्याकडे येतात. कॅनडात वकिली करायचा परवाना मला नाही. तेव्हा खटल्यात काय करायचं यावर शेवटचा शब्द तिथल्या वकिलाचा. कलम नेमकं कुठलं लागलंय, मार किती लागलाय, आधी काही तक्रार होती का, यावर बरंच अवलंबून आहे आणि ते तुमच्या प्रश्नात नाही. पण तो वकील मिळेपर्यंत आणि मिळाल्यावरही इथून काय करावं, काय करू नये, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

बेळगावपासून सुरुवात करतो. आपल्याकडे मारामारीची केस झाली की दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं बसतात, माफी मागितली जाते, फिर्यादी ‘माझी तक्रार नाही’ म्हणून लिहून देतो. काही गुन्हे तर कायद्यानेच आपसात मिटवता येतात. बाकीच्यांसाठी पर्वरीला उच्च न्यायालयात जाऊन, समेट झाला म्हणून गुन्हा रद्द करून घेता येतो. मामांच्या डोक्यात हेच असणार, आणि इथे ते चूक नाही. कॅनडात मात्र खटला फिर्यादीचा नसतो. तो चालवायचा की सोडायचा हे सरकारी वकील ठरवतो. मार खाल्लेल्या मुलाने ‘मला काही नको’ म्हटलं तरी खटला चालू राहू शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, अशा प्रकरणात कोर्ट बहुधा पहिल्याच दिवशी हुकूम काढतं, की आरोपीने फिर्यादीशी थेट किंवा दुसऱ्या कुणामार्फत संपर्क करायचा नाही. हा हुकूम कोठडीत असतानाही लागू करता येतो. मामा बेळगावच्या त्या दारात उभे राहिले की ‘दुसऱ्या कुणामार्फत’ झालाच म्हणून समजा. त्या वडिलांनी मुलाला फोन केला, मुलाने पोलिसांना सांगितलं, की साक्षीदारावर दबाव आणल्याचा संशय थेट तुमच्या भावावर. मामांचा हेतू किती चांगला होता, हे ओंटारिओतल्या न्यायाधीशाला कोण सांगणार?

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी बार्देशातल्या एका घराचा मुलगा इंग्लंडमध्ये अशाच भांडणात अडकला होता. जामीन झाला, सगळं सुरळीत चाललं होतं. इथून त्याच्या आत्याने फिर्यादी मुलीला व्हॉट्सअॅपवर लिहिलं, ‘तुझ्या भावासारखा आहे, माफ कर.’ एवढंच. चौथ्या दिवशी जामिनाची अट मोडली म्हणून पोलीस त्याला पुन्हा घेऊन गेले. आत्याने मला विचारलं नव्हतं हे खरं, पण मीही घरातल्या सगळ्यांना बसवून हे आधी सांगितलं नव्हतं. ती माझी चूक होती, आणि तेव्हापासून कुठल्याही कुटुंबाशी माझं पहिलं वाक्य हेच असतं: समोरच्या घराशी बोलायचं नाही. फोन नाही, मेसेज नाही, ओळखीच्या माणसाकरवी निरोपही नाही. माफी मागायचीच असेल तर कधी आणि कशी, ते तिथला वकील सांगेल.

आता एजंटचा सल्ला. दंड भरून सुटेल, हे ऐकायला गोड वाटतं. पण तुमच्या भावावर एका वेळी दोन प्रकरणं आहेत: एक फौजदारी, दुसरं त्याच्या तिथे राहण्याच्या परवान्याचं. पहिलं सहज मिटवण्याच्या नादात दुसरं बुडतं. कॅनडात साध्या मारहाणीचा गुन्हा हलक्या पद्धतीनेही चालवता येतो आणि गंभीर पद्धतीनेही. फौजदारी कोर्टाने तो हलक्या पद्धतीने चालवून किरकोळ दंड केला, तरी इमिग्रेशनचा कायदा परदेशी नागरिकासाठी तो गंभीर प्रकारातलाच धरतो. मग देश सोडण्याची वेळ येऊ शकते. दारू पिऊन गाडी चालवण्याचंही तसंच. आपल्याकडे पोरं ते चलन फाडण्याइतकं सोपं समजतात. कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून त्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवर नेली आणि परदेशी माणसासाठी तो फार जड गुन्हा होऊन बसला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०१० मध्ये सांगून टाकलं, की गुन्हा कबूल करण्याआधी त्याचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे आरोपीला सांगणं त्याच्या वकिलाचं कर्तव्यच आहे.

याचा अर्थ तुमच्या भावाला वाटच नाही, असा नाही. पहिल्याच वेळचं प्रकरण असेल तर आपल्या चॅप्टर केससारखं, शांतता राखण्याचं बंधपत्र घेऊन आरोप मागे घेतला जातो, असं तिथे होतं. शिक्षेची नोंद न करता सोडून देण्याचीही सोय आहे, त्याला डिस्चार्ज म्हणतात, आणि इमिग्रेशनच्या कायद्यात ती शिक्षा धरत नाहीत. पण या वाटा मागाव्या लागतात, आणि त्या कशा मागायच्या हे फौजदारी व इमिग्रेशन दोन्ही कळणाऱ्या वकिलालाच ठाऊक असतं. गोव्यात बसून प्रवेश मिळवून देणाऱ्या एजंटला नव्हे. वकील निवडताना त्याचं नाव ओंटारिओच्या लॉ सोसायटीच्या, म्हणजे वकिलांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या, यादीत आहे का ते बघा. यादी सगळ्यांना खुली आहे. वकील मिळेपर्यंत कोर्टात ड्यूटी काउन्सेल असतो, सरकारी खर्चाचा वकील. जामिनाच्या पहिल्या टप्प्यात त्याची मदत घ्यायला लाजू नका. आमच्यापैकी अनेकांना वाटतं फुकटचा वकील म्हणजे नावापुरता. जामीन कोर्टात तो रोज उभा असतो, तिथली चाल त्याला पाठ असते.

एक गोष्ट मुलापर्यंत आजच पोचायला हवी. आपल्याकडे पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम २५ तेच सांगायचं, आणि जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ तेच सांगतं. घरातली माणसं त्या भरवशावर म्हणतात, ‘सगळं खरं सांगून टाक, पोलीस बरे असतात.’ कॅनडात, इंग्लंडात, अमेरिकेत पोलिसांपुढे स्वेच्छेने सांगितलेलं वाक्य त्याच्याविरुद्ध वापरता येतं. कॅनडात वकिलाशी आधी खासगीत बोलण्याचा हक्क आहे, पण चौकशीच्या खोलीत वकील शेजारी बसलेला नसतो. तेव्हा नाव-पत्ता सांगायचा, बाकी ‘वकिलाने सांगितलंय, मी बोलणार नाही’ एवढंच. गप्प राहणं म्हणजे उद्धटपणा, हे आपल्या मुलांच्या हाडीमाशी भिनलेलं असतं, म्हणून हे घरच्या माणसाने सांगितलेलं बरं.

आता ज्या कामात माणसं सगळ्यात जास्त उपयोगी पडतात, त्याकडे येतो. अटक झाल्यावर साधारण चोवीस तासांत मुलाला न्यायाधीशापुढे उभं करतात. तिथला कायदा म्हणतो, शक्यतो साध्या अटींवर सोडा. पण परदेशी विद्यार्थी म्हटला की कोर्टापुढे दोन प्रश्न उभे राहतात: हा राहणार कुठे, आणि याच्यावर लक्ष कोण ठेवणार? तुमच्या भावाचं नेमकं इथेच अडलं असावं, असा माझा अंदाज आहे. त्याचा कागदोपत्री पत्ता म्हणजे तीच खोली, जिथे फिर्यादी राहतो. तिथे त्याला परत जाताच येणार नाही. दुसरा पत्ता नाही, म्हणून तो आत आहे. दोन लाखांनी हे सुटत नाही. सुटतं ते एका खोलीने आणि एका माणसाने.

त्या माणसाला तिथे शुअरिटी म्हणतात. आपल्या जामीनदारासारखाच शब्द, पण काम वेगळं. आपल्याकडे जामीनदार कागदपत्रं दाखवतो, सही करतो आणि घरी जातो. तिथल्या शुअरिटीने बहुधा पैसे आधी भरायचे नसतात, अट मोडली तर ठरलेली रक्कम देईन अशी हमी द्यायची असते. आणि मुलावर रोजची देखरेख करायची असते. तो रात्री घरी आहे का, फिर्यादीच्या वाटेला जात नाही ना, तारखेला कोर्टात हजर होतो ना. अट मोडली तर पोलिसांना कळवायचं, हेही त्याच्याच अंगावर. कोर्टात त्याला विचारतात: नोकरी काय, उत्पन्न किती, तुझ्यावर गुन्हे आहेत का, याला किती दिवस ओळखतोस, हा तुझं ऐकेल का. म्हणून टोरांटो-ब्रॅम्प्टनच्या बाजूला जे कोणी नातेवाईक, गावचे, वर्गमित्रांचे आईवडील असतील त्यांची यादी आज रात्री करा. गोवेकरांच्या संघटना आणि मराठी मंडळं त्या भागात आहेत, त्यांच्याशी बोला. पण संस्थेने ‘पाठिंबा’ दिला म्हणून कोर्टाला काही मिळत नाही. कोर्टात जाऊन उभा राहील, असा एक माणूस हवा. त्याला जबाबदारी पूर्ण समजावून सांगा. नको वाटलं तर तो नंतरही कोर्टाला सांगून मोकळा होऊ शकतो, हेही सांगा. फसवून उभा केलेला जामीनदार पहिल्या आठवड्यातच मागे फिरतो.

मला आठवतं ते पेडण्याचं एक जोडपं. तीसेक वर्षं कॅनडात राहिलेलं, मुलं मोठी होऊन बाहेर पडलेली. सत्तरी तालुक्यातला एक मुलगा, तोंडओळखही नाही, त्यांनी तळघरातली खोली देऊन सात महिने ठेवून घेतला. दर तारखेला काका काम सोडून त्याच्यासोबत कोर्टात जाऊन बसायचे. खटला शेवटी बंधपत्रावर निघाला. त्या मुलाच्या वकिलाने मला फोनवर सांगितलं, की सरकारी वकिलाचं मन वळलं ते प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर दिसणाऱ्या त्या माणसामुळे.

आणि इथे एक धोक्याची पाटी. जामीनदाराला ‘तुमचे पैसे बुडाले तर आम्ही भरून देऊ’ असं वचन देणं, किंवा त्यासाठी आधीच रक्कम त्याच्या हातात ठेवणं, हा कॅनडात स्वतंत्र गुन्हा आहे. देणारा आणि घेणारा दोघेही अडकतात. वाड्यावर जमलेले पैसे या कामासाठी ठेवायचा विचार कोणी बोलून दाखवला असेल, तर तो तिथेच थांबवा.

मग ते दोन लाख कशाला? वकिलाच्या फीसाठी, नव्या खोलीच्या भाड्यासाठी, जेवणाखाण्यासाठी. बाहेर आल्यावरही मुलाचं काम बंद पडलेलं असू शकतं. पैसे वडिलांच्या किंवा आईच्या बँक खात्यात जमा होऊ द्या आणि तिथून बँकेमार्फतच वकिलाच्या ट्रस्ट खात्यात, म्हणजे अशिलांचे पैसे वेगळे ठेवण्याच्या खात्यात, पाठवा. परदेशी रक्कम पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, तेव्हा मर्यादेची चिंता नाही. हवालावाल्याकडे जाऊ नका, खटल्याला आणखी एक शेपूट लागेल. कुणी किती दिले याची वही ठेवा. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर भेट म्हणून मिळालं तर ते आयकरात उत्पन्न धरलं जातं. उसने घेणार असाल तर वीस हजार किंवा त्याहून मोठी रक्कम रोखीने घेऊ नका. देवस्थानचा फंड मात्र बाजूला ठेवा. आपली देवस्थानं अजून १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमांखाली चालतात, मामलेदार प्रशासक असतो, खर्चाला मंजुरी लागते. घाईत दिलेल्या रकमेवरून उद्या महाजनांत, म्हणजे देवस्थानच्या सभासदांत, वाद होईल आणि बोल मुलाच्या आईला लागेल. महाजनांनी आपापल्या खिशातून द्यावं, ते कुणी अडवत नाही.

वकिलातीचं काय, हे तुम्ही विचारलं नाही, पण ते फार महत्त्वाचं आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं छत्तिसावं कलम सांगतं, की अटक झालेल्या परदेशी माणसाला त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे, हे पोलिसांनी त्याला विनाविलंब सांगायचं. पण त्याने मागितलं तरच कळवतात. लाजेने बरीच मुलं ‘नको’ म्हणतात, घरी कळेल या भीतीने. वकिलामार्फत त्याला सांगा, हो म्हण. ओंटारिओसाठी टोरांटोचा भारतीय वाणिज्य दूतावास आहे. इथून परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, तिला नंबर मिळतो आणि पाठपुरावा करता येतो. दूतावासाचा अधिकारी मुलाला भेटू शकतो, वकिलांची यादी देऊ शकतो, घर खरंच अडचणीत असेल तर २००९ पासून असलेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदतीचा विचार होऊ शकतो. पण तो अधिकारी खटला मागे घ्यायला लावू शकत नाही आणि मुलाला सोडवून आणू शकत नाही. तेवढी अपेक्षा ठेवलीत तर निराशा होणार नाही.

गोव्यात एक प्रश्न मला दर वेळी विचारावा लागतो: मुलाच्या हातात पासपोर्ट कुठला? आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असेल तर तो भारतीय नागरिक राहिलेला नाही, आणि मग दार पोर्तुगालच्या वकिलातीचं ठोठवायचं. अशा वेळी भारतीय दूतावासाच्या पायऱ्या झिजवण्यात चार मोलाचे दिवस गेलेले मी पाहिलेत.

आमदारांचं पत्र घ्यायचं तर एकच घ्या, आणि ते परराष्ट्र मंत्रालयाला किंवा दूतावासाला उद्देशून, पासपोर्ट क्रमांक, कोठडीचं ठिकाण, पुढची तारीख एवढीच माहिती देणारं. पणजीतल्या अनिवासी भारतीय खात्यालाही त्याची प्रत द्या. कॅनडाच्या न्यायाधीशाला राजकारण्याचं पत्र पाठवू नका. आणि पेपरात बातमी नको. गाजावाजा कुठेच चालत नाही, असं मी म्हणत नाही. २०२३ मध्ये कॅनडात शेकडो भारतीय विद्यार्थ्यांवर, मुख्यतः पंजाबातल्या, एजंटांनी दिलेल्या बनावट प्रवेशपत्रांमुळे हद्दपारीची पाळी आली. ती मुलं टोरांटोजवळच्या मिसिसागाला रस्त्यावर बसली, गुरुद्वारांनी आणि संघटनांनी त्यांना धरून ठेवलं, आणि तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी प्रत्येकाचं प्रकरण वेगळं तपासायला पथक नेमलं. तिथे आवाज उठवणं बरोबर होतं, कारण अन्याय अनेकांवर सारखाच झाला होता आणि निर्णय मंत्र्याच्या हातात होता. तुमच्या भावाचं प्रकरण एका न्यायाधीशापुढे आहे. बातमीत त्याचं नाव एकदा छापलं की ते इंटरनेटवरून पुसलं जात नाही. आरोप मागे घेतला गेला, तरी पुढच्या प्रत्येक नोकरीच्या वेळी ते वर येईल.

कॉलेजचं विसरू नका. तिथल्या शिक्षणाच्या परवान्याची अट आहे, की नाव दाखल असावं आणि शिक्षण खरोखर चालू असावं. आठवडे हजेरी नाही, फी थकली, कॉलेजने नाव काढलं, की खटला जिंकूनही मुलगा परवाना गमावतो. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कचेरीला वकिलामार्फत कळवून अधिकृत रजा मागा. कॉलेजने मंजूर केलेली रजा दीडशे दिवसांपर्यंत चालते. कॉलेज तुम्हाला फोनवर काही सांगणार नाही, पोलीसही नाहीत. मुलगा सज्ञान आहे, त्याच्या लेखी संमतीशिवाय ते बोलत नाहीत. म्हणून वकिलाला पहिल्याच भेटीत संमतीपत्र घ्यायला सांगा, त्यात कुटुंबातल्या एकाच माणसाचं नाव घाला. तुमचं घाला, मला वाटतं तुम्ही शांत डोक्याने विचार करता. बाकी सगळ्यांनी तुमच्याकडून ऐकायचं. दहा नातेवाइकांनी दहा फोन केले की वकील कुणाचाच उचलत नाही.

कोणी फोन करून ‘मी दूतावासातून बोलतोय, इतके पैसे पाठवा, मुलगा सुटेल’ म्हणाला, तर नंबर खरा दिसला तरी ठेवून द्या. दूतावासाचे नंबर बनावट दाखवून पैसे उकळणाऱ्या टोळ्या आहेत, आणि वाड्यावरची बातमी फेसबुकवर गेली की त्यांना आयता पत्ता मिळतो.

राहिली मावशी. कोठडीतून मुलाचा फोन आला तर त्या रडतील, विचारतील, तू मारलंस का त्याला? हा प्रश्न त्या फोनवर विचारायचा नाही. तुरुंगातल्या फोनवरचं बोलणं रेकॉर्ड होऊ शकतं, अमेरिकेत तर सर्रास होतं. कोकणी-मराठीत बोललं तर कळणार नाही असं समजू नका, दुभाषी मिळतात. त्याच्या मोबाईलमधलं काही पुसायलाही कुणी सांगू नका, त्याचा वेगळा गुन्हा होतो. मावशींनी ‘जेवलो मरे तूं?’ विचारावं, झोप लागते का विचारावं, वकिलाचं ऐक म्हणावं. त्या मुलाला त्या वेळी तेच ऐकायचं असतं.

टोरांटोची घड्याळं आपल्या मागे आहेत, उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे तिथलं कोर्ट सकाळी दहाला बसतं तेव्हा आपल्याकडे दिवेलागण होऊन गेलेली असते. संध्याकाळी साडेसातपासून फोन मोकळा ठेवा. दिवसा यादी करा, पासपोर्टची, परवान्याची आणि प्रवेशपत्राची प्रत शोधून ठेवा. ड्यूटी काउन्सेल भेटला की त्याला विचारा: आरोप नेमका कुठला, पुढची तारीख कधी, फिर्यादीशी संपर्काबद्दल काय हुकूम झालाय, आणि पत्ता व जामीनदार मिळाला तर सोडतील का. ही चार उत्तरं मला कळवा, पुढचं आपण बघू. कळवताना मुलाचं नाव किंवा कॉलेजचं नाव उघड लिहू नका. आणि मामांना आत्ताच फोन करा.